माळढोक बघायला जायचंय: मुक्काम जैसलमेरात, समला की खुरीला?

कावेरी_ठाणे (१२ नोव्हेंबर, रात्री ९:१४)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला जायचं ठरतंय. आम्ही चौघं: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. लेकीने शाळेत माळढोक पक्ष्यावर तक्ता केला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याला वाळूत तंबू ठोकून झोपायचंय. सासूबाईंचे गुडघे बोलतात, त्यामुळे त्यांची एकच अट आहे: कमोड हवा, तोही खोलीला लागून. रात्री अंधारात चपला शोधायला लागता कामा नयेत. माझी अट म्हणजे चार दिवस मला कुणी "आज काय करायचं" असं विचारू नये.

गाडाभर वाचलं आणि आता डोक्याचा भुगा झालाय. जैसलमेर शहरात राहिलं तर सोयी आहेत, पण पार्क लांब. समच्या वाळूच्या टेकड्या चाळीसेक किमी, तिथे तंबूच तंबू. खुरी गावही साधारण तेवढ्याच अंतरावर, दुसऱ्या दिशेला. आणि माळढोकाचा मुख्य भाग सुदासरी म्हणे साठेक किमीवर. चार रात्री आहेत. कुठे राहावं? कृपया स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगा.

भटक्या७१

पक्षी बघायचे असतील तर सम सोडून कुठेही राहा. संपला विषय.

मृण्मयी_प

भटक्याकाका, इतकं सरसकट नका हो बोलू. आम्ही गेल्या वर्षी समला होतो, मुलांनी धमाल केली. संध्याकाळी मांगणियार लोककलाकारांचं गाणं, साथीला कमायचा आणि खडताल ही वाद्यं. तो खडतालवाला मुलगा माझ्या लेकापेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल, पण बोटं दिसत नव्हती त्याची. तंबूला लागून न्हाणीघर होतं, कमोडही होता. रात्री जेवायला दालबाटी, गट्टे, केरसांगरी. कावेरीताईंची "आज काय करायचं"ची अडचण तिथे शंभर टक्के सुटेल.

वाळूचा_कण

मृण्मयी, तुम्ही बहुतेक आठवड्याच्या मध्ये गेला असाल. आम्ही गेलो २९ डिसेंबरला. आमचा कॅम्प बरा होता, पण डावीकडे एक, उजवीकडे एक आणि पाठीमागे दोन असे शेजारी. चार डीजे, चार वेगवेगळी गाणी. कापडी भिंत ती, आवाज अडणार कसा? रात्री दीडला मी तक्रार करायला गेलो तर व्यवस्थापक म्हणाला, "सर, आप भी आ जाइए ना!" गेलो नाही. बायको गेली.

सकाळी त्याच टेकडीवर जीपगाड्यांच्या शर्यती. पक्षी म्हणाल तर कावळेसुद्धा कानात बोळे घालून बसले असतील.

डॉ_खवचट

"बायको गेली" यावर वेगळा धागा काढा.

अवलीबाई

माझं ऐका, किल्ल्यात राहा! जैसलमेरचा सोनार किल्ला अजून वसता आहे. लोक आत राहतात, गाई बोळातून फिरतात, सकाळी जैन मंदिरातली घंटा ऐकू येते. पिवळ्या दगडावर ऊन पडलं की... जाऊ दे, शब्दांत नाही सांगता येत. आम्ही सज्जातल्या खोलीत तीन रात्री होतो. वाळवंट काय, गाडी करून एक दिवस बघता येतं.

निमिष_र

अवलीबाई, किल्ला सुंदर आहे यात वादच नाही. पण आत मुक्काम करायच्या मी विरोधात आहे, आणि कारण भावनिक नाही. ११५६ सालचा किल्ला, वाळवंटातला. बांधणाऱ्यांनी पाण्याचा हिशेब धरला तो घागरीने डोक्यावरून आणलेल्या पाण्याचा. आता आत हॉटेलं, प्रत्येक खोलीला शॉवर आणि फ्लश. ते पाणी खालच्या मातीच्या टेकडीत मुरतं, टेकडी फुगते, बुरूज सरकतात. काही बुरूज आणि भिंती ढासळल्या आहेत. २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर पाच किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारसा झाला, तरी पाण्याचा प्रश्न आहे तिथेच आहे. दिवसभर आत फिरा, चहा प्या, खरेदी करा. आंघोळ खाली येऊन करा.

शिवाय सासूबाईंचे गुडघे! जुन्या हवेल्यांचे जिने म्हणजे शिडीच. पायरी गुडघ्याएवढी आणि धरायला दोर.

अवलीबाई

हे पाण्याचं मला खरंच माहीत नव्हतं. तिथे कुणी बोललं नाही. जिन्याचं मात्र अगदी खरं, माझ्या नणंदेला दोन दिवस खोलीतच चहा पोचवावा लागला.

आजोबा_बोरिवली

मी स्वतः गेलेलो नाही. परंतु माझ्या मते सीमेजवळचा भाग असल्याने शहरातच राहणे श्रेयस्कर. वाळवंटात दिशाभूल होण्याचा संभव असतो. पाणी भरपूर बाळगावे. कांदा खिशात ठेवावा.

डॉ_खवचट

आजोबा, विषय वाळवंटाचा आहे म्हणून उंटावरून शेळ्या हाकणं माफ.

आजोबा_बोरिवली

डॉक्टर, कांद्याचे मी अनुभवाने सांगतो आहे. विदर्भात नोकरी केली आहे, तेही सायकलवर.

जोधपुरी_मराठी

बँकेच्या बदलीमुळे सहा वर्षं जोधपुरात आहे, त्यामुळे पाहुणे आले की जैसलमेर ठरलेलंच. आतापर्यंत अकरा फेऱ्या झाल्या. जरा सविस्तर लिहितो.

एक. "पार्क" म्हटल्यावर ताडोबासारखं गेट, जिप्सी, वेळापत्रक असं काही डोळ्यांसमोर आणू नका. ३१६२ चौरस किमीचा पसारा आहे, जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत. नाव नॅशनल पार्क असलं तरी १९८० साली अधिसूचना निघाली ती अभयारण्याची. आत गावं आहेत, ढाण्या (लहान वस्त्या) आहेत, मेंढ्या चरत असतात. वाळूच्या टेकड्या त्यात थोड्याच. बाकी सगळा खडकाळ माळ आणि सेवण गवत. माळढोक वाळूत नसतो, गवतात असतो. टेकड्यांशेजारी तंबू घेतला म्हणजे माळढोकाशेजारी राहिलो, असं होत नाही. निम्म्या लोकांचा गोंधळ इथेच होतो.

दोन. सुदासरीला वनखात्याने कुंपण घातलेला भाग आहे. तिथे जायचं तर आधी जैसलमेरच्या वनकार्यालयातून परवानगी काढावी लागते. ओळखपत्रं जवळ ठेवा. नाताळच्या सुट्ट्या बघून एखादा कामाचा दिवस त्यासाठी हाताशी राखा. सुदासरीत वनखात्याच्या झोपड्याही आहेत. पण परवानगी मिळणं, जेवणाची सोय, वीज हे सगळं बघता सासूबाईंना घेऊन तिथे राहा असं मी सांगणार नाही. दोघं पक्षीवेडे मित्र असतील तर जरूर.

तीन. आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही: डिसेंबरअखेर तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो. आपण मुंबईकर सवयीने पाचचा गजर लावतो आणि काळ्याकुट्ट अंधारात कुडकुडत बसतो. म्हणजे शहरातून सहाला निघालात तरी उजाडता उजाडता सुदासरीला पोचता. "पार्क लांब" हा शहराविरुद्धचा मुद्दा वाटतो तेवढा मोठा नाही. खरा फरक संध्याकाळी पडतो. सूर्य मावळला की साठ किमी परत, रस्त्यात उंट, गाई, नीलगाय. दमलेला ड्रायव्हर आणि झोपलेलं पोर.

म्हणून माझं मत: दोन रात्री खुरी, दोन रात्री शहर. खुरीला टेकड्या आहेत, लहान पण आहेत, आणि गोंगाट समच्या मानाने फार कमी. गावातल्या कुटुंबांनी चालवलेली साधी विश्रामगृहं आहेत, मातीच्या गोल झोपड्या. आता बऱ्याच ठिकाणी झोपडीला लागून कमोड असतो, पण फोनवर नीट विचारा. "अटॅच" म्हणजे काय, हेही विचारा. आमच्या एका पाहुण्यांना "अटॅच" म्हणून जे दाखवलं ते अंगणाच्या पलीकडे होतं.

मृण्मयी_प

सव्वासातचं अगदी बरोबर! आम्ही सूर्योदय बघायला साडेपाचला टेकडीवर. दोन तास. पोरांनी तोपर्यंत सगळे बिस्किटांचे पुडे संपवले.

भटक्या७१

जोधपुरी, प्रतिसाद जपून ठेवला आहे. फक्त एक भर. खुरीच्या बाजूला राहिलात तर सकाळी नऊच्या सुमारास एखाद्या पाणवठ्याजवळ जाऊन गुपचूप बसा. पखुर्ड्या थव्याने पाण्याला येतात. आधी आवाज येतो, मग पक्षी. वाटेत माळावर धाविक, तारांवर ससाणे, वर गिधाडं. वाळवंटी कोल्हा बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला असतो, गाडी थांबली तरी हलत नाही. माळढोक नाही दिसला तरी लेकीची वही भरेल. आणि हे तिला आधीच सांगून ठेवा. सगळ्या भारतात दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात, तो काही आपल्यासाठी रस्त्यावर उभा नसतो.

सोलापुरी_चटणी

भटक्याकाका, "सगळ्या भारतात दीडशे" वाचून पोटात कालवलं. मी सोलापूरचा. आमच्याकडे नान्नजला १९७९ साली खास माळढोकासाठी अभयारण्य झालं. कागदावर तब्बल ८४९६ चौरस किमी! त्यात गावं, शेतं, बाजारपेठा, सगळंच आलं. लोकांना जमिनीचे व्यवहार करता येईनात. मग माळढोकाचं नाव काढलं की शिव्याच. पुढे ते बाराशेच्या घरात आणलं, पण तोवर माणसांचं आणि पक्ष्याचं बिनसलं ते बिनसलंच.

लहानपणी वडिलांनी सायकलवर नेऊन दाखवला होता. आम्ही मचाणावर, खाली उन्हात माळ हलल्यासारखा दिसत होता. वडील म्हणाले, "तो बघ." मला काही दिसेना. मग एक खुंट होता तो चालायला लागला. कंबरेएवढा उंच, छाती पुढे, मान ताठ. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि हा ऐवज उडतो! उडाला तेव्हा मी खाली बसलो भीतीने.

माझ्या पोराला दाखवायला आता जैसलमेरला जावं लागतं. असो, धागा भरकटवला, माफी.

कावेरी_ठाणे

चटणीदादा, माफी कसली! लेकीला वाचून दाखवलं. ती विचारतेय की तुमच्या वडिलांनी वही ठेवली होती का.

सोलापुरी_चटणी

वही नाही, पण आमच्या जुन्या भिंतीवर खडूने तारीख लिहिली होती. दिवाळीला रंग दिला त्यात गेली.

निमिष_र

थोडं कडू बोलतो. ज्या पक्ष्याचे दीडशे उरलेत तो बघायला आपण सगळे गाड्या घेऊन जाणं बरोबर आहे का? मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

भटक्या७१

प्रश्न रास्त. पण अंड्यांचा हंगाम उन्हाळा-पावसाळ्यात, ताई जाताहेत डिसेंबरात. आणि त्याला मारतात त्या मुख्यतः विजेच्या तारा. पक्षी जड, डोळे बाजूला, समोरचं कमी दिसतं. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली. शिस्तीत येणारा पर्यटक असला तर गावाला गवत राखण्यात चार पैसे तरी दिसतात.

निमिष_र

"शिस्तीत" या शब्दावर सगळं अडलंय. गाडी रस्ता सोडून गवतात घालायची नाही, ड्रायव्हरला जास्त पैसे देऊन तर नाहीच. हे लेकीसमोर एकदा ठरवून टाका, मग नवरासुद्धा ऐकेल.

जोधपुरी_मराठी

निमिष यांना अनुमोदन. समजवळच्या प्रजनन केंद्राबद्दलही सांगून ठेवतो. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथल्या प्रकल्पात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं, बातम्या वाचल्या असतील. पण ते प्राणिसंग्रहालय नव्हे. "पक्षी तिथे हमखास दिसेल" म्हणून त्याच्या आशेवर मुक्काम ठरवू नका.

वाळूचा_कण

सासूबाईंना उंटावर बसवणार असाल तर एक सूचना. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो. माणूस एकदम पुढे फेकला जातो, आणि सावरला म्हणेपर्यंत पुढचे पाय, की मागे. माझी कंबर अजून आठवण काढते. त्यापेक्षा उंटगाडी बघा, वर गादी घालून देतात.

अवलीबाई

आणि थंडी! दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरतो आपण, आणि रात्री पारा चार-पाच अंशांवर. तंबूत रजई कितीही जाड असली तरी नाक उघडंच राहतं. मातीची झोपडी त्या मानाने उबदार. नवऱ्यांना एक रात्र बाहेर झोपू दे, दुसऱ्या रात्री आपोआप आत येतील.

आजोबा_बोरिवली

माकडटोपी.

डॉ_खवचट

आजोबा, पूर्ण धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

कावेरी_ठाणे (१९ नोव्हेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: दोन रात्री खुरी, दोन जैसलमेर, किल्ल्याच्या खाली. "अटॅच म्हणजे काय" हे मी फोनवर विचारलं. पलीकडचे काका आधी हसले, मग त्यांनी नातवाकरवी फोटो पाठवला: पलंग आणि कमोडचं दार एकाच फोटोत. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला आणि होकार दिला. वांद्र्याहून जैसलमेरची थेट गाडी आठवड्यातून एकदाच, ती आमच्या तारखांना जुळेना. म्हणून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर आणि पुढे गाडी केली आहे.

जोधपुरी_मराठी

जोधपुरात उतरलात की चहाला या. संपर्कातून निरोप पाठवतो.

कावेरी_ठाणे (६ जानेवारी)

आलो! उशीर झाला, घरी आल्यावर सगळ्यांना सर्दी.

खुरी उत्तम. झोपडीला शेणमातीचं सारवण, भिंतीवर पांढरी नक्षी. पहिल्या रात्री नवरोजी वाळूत झोपायला गेले, अडीच वाजता दार वाजलं. अवलीबाई, तुमचा अंदाज एका रात्रीने चुकला.

तिथल्या आजी आणि सासूबाई, एकीला मारवाडी, दुसरीला मराठी, आणि दोघींचं दिवसभर गुळपीठ. भाकरीवरून जुंपली. आजी बाजरीचा सोगरा दोन तळव्यांत थापून जाड करतात, हवेतल्या हवेत, परात लागतच नाही. सासूबाईंनी आपली परातीतली पातळ थापून दाखवली. आजींनी ती उजेडात धरली, आरपार बघितलं आणि काहीतरी म्हणाल्या. सून हसत सुटली. अर्थ असा निघाला की "ही भाकरी आहे की ओढणी?"

आता मुख्य. परवानगी काढायला नवरा शहरात गेला, त्यात पूर्ण सकाळ गेली. (जोधपुरी, कामाचा दिवस राखायला सांगितलंत, नाहीतर बसलो असतो हात चोळत.) दुसऱ्या सकाळी सुदासरी. पहिला तास चिंकारा, गिधाडं, एक कोल्हा. लेक गप्प गप्प. मग आमच्याबरोबरचे दादा म्हणाले, "गोडावण" (माळढोकाचं तिकडचं नाव), आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मला गवतच दिसत होतं. चटणीदादा, अगदी तुमच्यासारखंच झालं, आधी खुंट, मग खुंट चालायला लागला! पांढुरकी मान, वर काळी टोपी. खूप लांब होता, फोटोत ठिपका आलाय. गाडी जराही पुढे घेतली नाही, निमिष. लेकीने घड्याळ लावलं होतं: तेवीस मिनिटं. एकदाही तिने "मला भूक लागली" म्हटलं नाही.

सासूबाईंनी दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर आमच्या गावच्या पोस्टमास्तरांसारखा चालतो."

परत येताना रस्त्यावर अंधारात क्षितिजभर लाल दिवे, सगळे एकाच वेळी लागत-विझत होते. लेकीला वाटलं दिवाळीची रोषणाई. पवनचक्क्या होत्या. मग तारांचा विषय निघाला आणि ती खुरी येईपर्यंत खिडकीतून खांब मोजत बसली.

जैसलमेरचे दोन दिवसही छान गेले. आकलला जीवाश्म झालेले झाडांचे ओंडके बघितले, १८ कोटी वर्षांपूर्वीचे. शहरातलं हॉटेल सोयीचं होतं, पण खरं सांगू, सगळ्यांना खुरीचीच आठवण येत होती. परत गेलो तर तीन रात्री तिथे.

सोलापुरी_चटणी

तेवीस मिनिटं! लेकीला सांगा, वहीत लिही, भिंतीवर नको.

प्राची_नवीन

छान धागा. आम्हाला मे महिन्याच्या सुट्टीत जायचंय, चालेल का?

भटक्या७१

मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, आंधी येते ती वेगळीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा.

आजोबा_बोरिवली

मे महिन्यात कांदा अनिवार्य.

डॉ_खवचट

कावेरीताई, सगळं सांगितलंत, पण ज्यावरून धागा निघाला त्या कमोडचं काय झालं?

कावेरी_ठाणे

होता, लागूनच होता, फोटोत दिसला तस्साच. पण गरम पाणी अंगणातल्या बंबाचं, सकाळी बादलीने आणून देत. लाकडाच्या धुराचा वास असलेलं. आता सासूबाईंनी हट्ट धरलाय की ठाण्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत बंब बसवायचा. सोसायटीची परवानगी कशी काढायची, कुणाला माहीत आहे का?